वहीतलं पहिलं पान

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू फौजेतल्या माणसाची बायको. अर्धा हिंदुस्थान फिरलीस. काहीतरी शौर्याचं सांग." मी म्हटलं, शौर्य घरातल्या दुसऱ्या माणसाच्या खात्यावर आहे. माझ्या खात्यावर एकोणीस बदल्या, सव्वीस काळ्या ट्रंका आणि एक वही आहे. तेव्हा आज मी त्या वहीबद्दल बोलणार आहे. आणि त्या वहीत मी केलेल्या एका चुकीबद्दल. ती चूक मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितली आहे.

गोष्ट 2011 सालच्या मे महिन्यातली. आम्ही देवळालीला होतो. एके दिवशी संध्याकाळी हे घरी आले आणि म्हणाले, "पोस्टिंग आलं. हा." मी म्हटलं, "हा काय? पुढे बोला." तर गावाचंच नाव 'हा'! भूतानमधलं. तिथे आपल्या सैन्याचं प्रशिक्षण पथक 1962 पासून आहे, भूतानच्या सैन्याला शिकवण्यासाठी. गाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ 2700 मीटर उंचीवर. म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या जवळपास दुप्पट.

आपल्या भूगोलाच्या बाई आठवतात ना? कोरा नकाशा समोर ठेवायच्या आणि शेजारी देशांच्या राजधान्या भरायला लावायच्या. 'भूतान – थिंफू' हे आपण सगळ्यांनी घोकलं. मला तर त्यात एकदा थिंफूच्या जागी काठमांडू भरल्याबद्दल उभं केलं होतं. तिथे कधी आपली भांडीकुंडी घेऊन राहायला जाऊ, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता प्रश्न, जायचं कसं? विमानाने जाता आलं असतं, आगगाडीनेही न्यू जलपायगुडीपर्यंत जाता आलं असतं. पण डोंगरातल्या गावात दोन वर्षं काढायची तर स्वतःची गाडी हवी, असं ठरलं. गाडी म्हणजे आमची जुनी वॅगन आर. माणसं पाच. हे, मी, नववीत जाणारी मुलगी, पाचवीत जाणारा मुलगा आणि माझ्या सासूबाई. अंतर, बाईंच्या भाषेत सांगायचं तर नाशिक जिल्ह्यापासून हिमालयापर्यंत, सुमारे अडीच हजार किलोमीटर. मुलांच्या शाळेचं काय केलं, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. त्यावर बोलायला लागले तर जेवण थंड होईल.

सासूबाईंबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. माझे सासरे आदल्या वर्षी गेले. हे एकुलते एक. सासूबाईंनी पन्नास वर्षं धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यात काढली होती. घराला कुलूप लावून त्या देवळालीला आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पिशवी होती. पिशवीत दोन लुगडी, एक पोथी आणि मिश्रीची डबी. आल्यापासून त्या फार कमी बोलायच्या. मी विचारायची, "आई, काही हवं का?" त्या म्हणायच्या, "नको माय." मला वाटायचं, सगळं ठीक चाललंय.

फौजेतल्या बायका बदली आली की रडत बसत नाहीत, असा एक समज आहे. रडतात, पण वही उघडून रडतात. मीही वही उघडली. पहिल्या पानावर मथळा लिहिला 'माणसं', दुसऱ्या पानावर 'गाडी', तिसऱ्यावर 'मुक्काम', आणि चौथ्यापासून पुढे 'सामान'.

गाडीचं पान आधी सांगते, कारण तुमच्यापैकी काही जण आता निवृत्त होऊन गाडीने भूतानला जायची स्वप्नं बघताय. आपल्या गाडीचा विमा फक्त आपल्या देशापुरता असतो. शेजारी देशात न्यायची तर विमा कंपनीकडून भौगोलिक क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं, वेगळे पैसे भरून. हे कुणी आपणहून सांगत नाही. नोंदणीचं पुस्तक मूळ हवं, झेरॉक्स चालत नाही. सीमेवर फुन्शोलिंगला गाडीचा वेगळा परवाना काढावा लागतो. ब्रेक, क्लच आणि टायर देवळालीतच नवे करून घेतले, कारण शेवटचे दोनशे किलोमीटर म्हणजे नुसता घाट. आमच्या आधी तिथे राहून आलेल्या एका वहिनींनी सांगितलं होतं, "तिथे आपला रुपया आणि त्यांचा ङुल्ट्रम एकाच भावाने चालतो, पण सुट्या नोटा ने, शंभराच्या." तेही लिहून ठेवलं.

मुक्कामाचं पान माझं सगळ्यात आवडतं. हिंदुस्थानच्या नकाशावर नद्या आणि डोंगर असतात तशा छावण्याही असतात. त्या फक्त आम्हालाच दिसतात. कामठी, जबलपूर, अलाहाबाद, दानापूर, बेंगडुबी. मी पट्टी घेऊन एकेक दिवस मोजला. नियम दोन. दिवसाला चारशे किलोमीटरच्या वर जायचं नाही, आणि सूर्य मावळल्यावर चाक फिरवायचं नाही. दुसरा रस्ता रायपूर, संबळपूर, खरगपूर, कोलकाता असा होता. पण त्या काळात जंगलमहालच्या पट्ट्यात नक्षलवाद्यांचा जोर होता. आदल्याच वर्षी झारग्रामजवळ रेल्वेचा मोठा घातपात होऊन गेला होता. म्हणून आम्ही वरून जायचं ठरवलं. नागपूरहून जबलपूर, रीवा, अलाहाबाद, पाटणा, मग मोकाम्याला राजेंद्र सेतूवरून गंगा ओलांडून पूर्णिया आणि सिलिगुडी.

आणि सामान! मे महिन्यात विदर्भात पंचेचाळीस डिग्री आणि 'हा'ला रात्री शेकोटी. त्यामुळे गाडीत पायाशी पन्ह्याची बाटली आणि डोक्याशी स्वेटर. बाकी सगळं सव्वीस ट्रंकांत. फौजेची ट्रंक तुम्ही पाहिली असेल. काळा रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरात नाव, क्रमांक, कुठून आणि कुठे. प्रत्येक बदलीला आधीच्या गावावर काळा रंग फासायचा आणि नवं गाव लिहायचं. उन्हात तिरपं पाहिलं तर खालची जुनी गावं दिसतात. ट्रंका ट्रकने बिन्नागुडीच्या छावणीपर्यंत जाणार होत्या, आणि तिथून पुढे 'हा'ला. कुठल्या ट्रंकेत काय, हे वहीत क्रमांकाने लिहिलेलं. या कामात माझा हात कुणी धरणार नाही, असा मला गर्व होता. हो, गर्वच म्हणते.

शुक्रवारी पहाटे चारला निघालो. पारोळा ओलांडून आपलं एरंडोल आलं तेव्हा नऊ वाजायचे होते. मी गाडी थांबवायला सांगितली. सुट्टी होती, फाटक बंद होतं. मुलांना म्हटलं, "ही माझी शाळा." मुलगा म्हणाला, "एवढीशी?" सासूबाई गाडीतून उतरल्या आणि त्यांनी फाटकाला हात लावून नमस्कार केला. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. मला तेव्हा काही तरी बोलायला हवं होतं, पण मी घड्याळ पाहत होते. अकोल्याला नणंदेकडे जेवण ठरलं होतं.

प्रवास वहीबरहुकूम झाला. मुलगी नकाशा मांडीवर घेऊन पुढे बसायची आणि किलोमीटरचे दगड मोजायची. कामठीला उकाड्याने झोप नाही, जबलपूरला पाऊस, अलाहाबादला सासूबाईंनी संगमावर सासऱ्यांच्या नावाने पाणी सोडलं. ते माझ्या वहीत नव्हतं. ह्यांनी गाडी वळवली म्हणून झालं. पूर्णियाला हॉटेलात राहिलो. सिलिगुडीच्या आधी तो चिंचोळा पट्टा लागतो, बाई ज्याला 'कोंबडीची मान' म्हणायच्या. एकीकडे नेपाळ, दुसरीकडे बांगलादेश, आणि मध्ये जिथे सर्वांत अरुंद आहे तिथे वीस-बावीस किलोमीटर आपला देश. मी मुलीला तो नकाशात दाखवला आणि बाईंची फार आठवण आली.

आठव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी जयगावला पोचलो. जयगाव हे आपल्या बंगालमधलं शेवटचं गाव. बाजार, रिक्षा, चिखल, गोंगाट. त्यात एक रंगीत कमान. कमानीच्या पलीकडे फुन्शोलिंग, भूतान. त्या काळी कमानीतून चालत पलीकडे जाता यायचं, कुणी अडवत नसे. पलीकडे पाऊल टाकलं की रस्ता स्वच्छ आणि घड्याळ अर्धा तास पुढे. पण फुन्शोलिंग गावाच्या वर जायचं तर परवाना हवा, आणि परवान्यासाठी मोठ्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. दुसरं काही चालत नाही.

मी रुबाबात फाईल काढली. पहिल्या पानाप्रमाणे, 'माणसं'. ह्यांचे कागद, माझा पासपोर्ट, मुलांचे जन्मदाखले. चार पाकिटं. पाचवं नाही.

मला आधी वाटलं, पाकीट गाडीत पडलं असेल. सगळी गाडी उपसली. मग वही उघडली. पहिल्या पानावर चार नावं होती. सासूबाईंचं नाव नव्हतं. पानं उलटत गेले. सातव्या पानावर, सामानात, माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'आई – लुगडी, पोथी, रक्तदाबाच्या जादा गोळ्या, मतदार कार्ड. ट्रंक क्र. 9.'

नऊ नंबरची ट्रंक ट्रकमध्ये. ट्रक बिहारमध्ये कुठेतरी.

आणखी एक सांगते. अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या सरकारी यादीत त्यांचं नाव घालायचा अर्ज करायचा होता. तो अर्ज मी 'उद्या भरू' म्हणत देवळालीत तसाच ठेवला होता. त्यामुळे त्या कागदोपत्री साध्या प्रवासी. आणि साध्या प्रवाशाला फुन्शोलिंगला मिळणारा परवाना फक्त पारो आणि थिंफूपुरता. 'हा'साठी थिंफूहून वेगळी परवानगी लागणार. सव्वीस ट्रंकांतला एकेक चमचा मी लिहून ठेवला होता, आणि घरातलं सर्वांत मोठं माणूस मी विसरले होते.

ह्यांना सोमवारी हजर व्हायचंच होतं. शनिवार-रविवार परवान्याचं कार्यालय बंद. ठरलं असं, की हे मुलांना घेऊन पुढे जातील, आणि मी सासूबाईंबरोबर जयगावला थांबेन. शनिवारी सकाळी गाडी कमानीतून गेली. मुलगा मागच्या काचेतून हात हलवत होता. सासूबाई त्या गाडीकडे बघत उभ्या होत्या. परत लॉजवर येताना त्या चालता चालता थांबल्या. गंभीर बोलायचं झालं की त्या अहिराणीवर येत. त्यांनी मला विचारलं,

"मी सामानमा शे का?"

आपण खानदेशची माणसं, तुम्हाला अर्थ सांगायला नको. त्यांना वाचता येत नव्हतं. पण वही उघडून मी कपाळाला हात लावला तेव्हा हे आणि मी जे बोललो, ते त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्या खरोखरच विचारत होत्या, की आता माझी जागा कुठे?

मी उत्तर दिलं नाही. कारण मला ते देता येईना. रात्री मी त्यांच्या पायाशी बसून म्हटलं, "आई, माझी चूक झाली." त्या म्हणाल्या, "चूक कागदाची नाही. मी आल्यापासून तू मला विचारतेस, काही हवं का. कुठे जायचं, मला यायचं का, हे कुणीच नाही विचारलं." आणि मग तीन दिवस, देवळालीच्या आठ महिन्यांत बोलल्या नाहीत एवढं त्या माझ्याशी बोलल्या. सासरच्या खेड्यात आल्या तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. विहीर किती लांब होती, पहिलं मूल कसं गेलं, सासरे शेवटच्या दिवशी काय म्हणाले. मी ऐकत होते. वहीत लिहायला काहीच नव्हतं.

याच तीन दिवसांतली मिश्रीची गोष्ट. भूतानात 2004 पासून तंबाखूच्या विक्रीवर बंदी होती, आणि 2010 मध्ये त्यांनी फार कडक कायदा केला होता. 2011 च्या मार्चमध्ये एका भिक्खूला थोडी खायची तंबाखू नेल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाल्याची बातमी आली होती. स्वतःपुरती थोडी तंबाखू कर भरून, पावती घेऊन नेता येत असे. पण मिश्री म्हणजे काय, हे त्या अधिकाऱ्याला कसं समजावणार? भाजलेली तंबाखू, दातांना लावायची! मी सासूबाईंना सगळं सांगितलं आणि या वेळी विचारलं, "आई, तुम्ही ठरवा. कर भरून न्यायची का?" त्यांनी डबी थोडा वेळ हातात धरली. पन्नास वर्षांची सवय होती. म्हणाल्या, "एवढ्याशा डबीपायी माझ्या लेकाला कुणासमोर मान खाली घालायला नको." आणि मिश्री मोरीत ओतली. डबी मात्र घासून पदराला पुसून जवळ ठेवली. पुढचे पंधरा दिवस त्यांचं डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. पण पुन्हा त्यांनी मिश्रीला हात लावला नाही.

सोमवारी ट्रक बिन्नागुडीला लागल्याचा निरोप आला. ट्रंकांच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. आम्ही दोघी भाड्याच्या जीपने, चहाच्या मळ्यांमधून बिन्नागुडीला गेलो. तिथल्या एका जवानाने सव्वीस ट्रंकांतून नऊ नंबरची बाहेर काढून दिली. पोथीच्या खाली कार्ड होतं. सासूबाईंनी ते स्वतःच्या हातात घेतलं. म्हणाल्या, "हे आता माझ्याकडे राहील." मंगळवारी परवाना मिळाला. अर्जावर अंगठा लावायचा का, असं तिथल्या बाईंनी विचारलं, तर म्हणाल्या, "सही येते." साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही त्यांनी अक्षर अक्षर काढली. मला ठाऊकच नव्हतं.

बुधवारी आम्ही बसने निघालो. फुन्शोलिंगहून वर चढणारा तो रस्ता आपल्याच सीमा सडक संघटनेच्या 'दंतक'ने बांधलेला. 'दंतक' तिथे 1961 पासून आहे. त्याआधी गाडीचा रस्ताच नव्हता. 1958 मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले ते सिक्कीमहून नथुला ओलांडून, चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि याकवर बसून. आमच्या तीन दिवसांच्या खोळंब्याचं मला फार वाटत होतं, ते हे आठवून थोडं कमी झालं. चुझोमला पारो आणि थिंफू या दोन नद्या मिळतात, तिथे तीन स्तूप आहेत, भुतानी, नेपाळी आणि तिबेटी असे तीन धाटणीचे. सासूबाईंनी तिन्हींना नमस्कार केला. म्हणाल्या, "संगमावर शंकर असतोच, नाव काही का असेना."

थिंफूची परवानगी यायला आणखी काही दिवस गेले. तोवर आम्ही दोघी पारोला राहिलो. मग हे गाडी घेऊन आले. पारोहून 'हा'ला चेलेला खिंडीतून जवळचा रस्ता आहे, पण ती खिंड 3988 मीटरवर. सासूबाईंचा रक्तदाब पाहता मी चुझोमवरूनच लांबून जायचं सुचवलं. या वेळी सुचवलं म्हणते, ठरवलं नाही. त्यांनी विचारलं, "वरून काय दिसतं?" मी म्हटलं, "बर्फाचे डोंगर." त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेला. डॉक्टरला विचारून." आणि पुढच्या वर्षी, डॉक्टरांना विचारून, त्या चेलेलावर गेल्याही. पताकांच्या रांगेत उभ्या राहून त्यांनी काढून घेतलेला फोटो आज आमच्या घरात आहे. कार्यालयाने पुढे त्यांचं नाव रीतसर यादीत घातलं. अर्ज मी पहिल्याच आठवड्यात भरला.

ज्या दिवशी जयगावला त्यांनी मला तो प्रश्न विचारला, त्या रात्री मी वही काढली. सातव्या पानावरची ती ओळ खोडली. पहिल्या पानावर, सगळ्यांच्या वर, त्यांचं नाव लिहिलं. त्या बघत होत्या. वाचता येत नसलं तरी सही येत असल्यामुळे आपलं नाव त्यांना ओळखू येत असणार, हे मला मंगळवारी कळलं.

मित्रमैत्रिणींनो, आपण सगळे आता छप्पन-सत्तावन्नचे झालो. कुणाचे आईवडील गावाकडचं घर बंद करून मुलाकडे पुण्याला आलेत, कुणाचे अमेरिकेला जायच्या तयारीत आहेत. त्यांची तिकिटं, त्यांचा विमा, त्यांच्या गोळ्या आपण अगदी चोख बघतो. मीही बघत होते. आणि उद्या आपली मुलं आपल्यासाठी अशीच वही उघडतील. म्हणून हे आज, आपल्या माणसांत, सांगावंसं वाटलं.

सासूबाई 2019 मध्ये गेल्या. त्यांच्या त्या मिश्रीच्या डबीत मी आता कुंकू ठेवते. सव्वीस ट्रंकांपैकी चारच उरल्या आहेत, त्यांतली एक नऊ नंबरची. निवृत्तीनंतर आम्ही नाशिकला घर घेतलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, हिच्यावर आता शेवटचं गाव लिहून टाक." मी लिहिलेलं नाही. तिच्यावर अजून 'देवळाली ते हा' असंच आहे.

आणि बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. भूतानची राजधानी थिंफू. आता कधी चुकणार नाही.